भाच्याची नागलीची बिस्किटं आणि तोट्यातली कोट्यधीश कंपनी

दिवाळीनंतरच्या रविवारी बहिणीकडे जेवायला गेलो होतो. पानं वाढायच्या आतच मेहुण्यांनी पेपर माझ्यापुढे सरकवला. कुठल्याशा कंपनीत कोट्यवधींची गुंतवणूक झाल्याची बातमी होती आणि तिच्याच शेवटच्या ओळीत कंपनीचा गेल्या वर्षीचा तोटाही छापला होता. मेहुणे निफाडचे द्राक्षबागायतदार. म्हणाले, "आम्ही तोट्यात गेलो की कर्जवसुलीला सोसायटीवाले दारात येतात. हे तोट्यात गेले की लोक पैसे घेऊन दारात येतात. हे गणित काय आहे ते एकदा समजावून सांगा."

शेजारी भाचा बसला होता. ऐकत नसल्यासारखं दाखवत होता. तो आणि त्याची कॉलेजातली मैत्रीण नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत भाड्याच्या गाळ्यात नागलीची, म्हणजे नाचणीची, बिस्किटं करतात. पेठ-सुरगाण्याची नागली, बिनमैद्याची, लहान मुलांसाठी. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं, नागली एकदम फॅशनमध्ये आली, त्याच सुमारास यांनी सुरुवात केली. विक्री दरवर्षी वाढते आहे. आणि तरीही महिनाअखेरीला पगार करायची वेळ आली की भाचा वडिलांकडे येतो. मेहुण्यांनी विचारलं बातमीबद्दल, पण प्रश्न घरातला होता.

माझं काम हिशेबाचं. वीसेक वर्षं सातपूर-अंबडच्या गाळ्यांमधल्या वह्या पाहतो आहे. त्या दुपारी जे बोलणं झालं ते जरा सविस्तर लिहितो, कारण हाच प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी कुणी ना कुणी विचारतं.

तोट्यातली कंपनी एवढ्या कोटींची कशी?

गंगापूर रोडला एक गुंठा कुणीतरी चढ्या भावाने घेतला की काय होतं? पलीकडचा एकरभराचा मालक लगेच आपल्या चाळीस गुंठ्यांना त्या भावाने गुणतो आणि रात्रीत कोट्यधीश होतो. खिशात एक रुपया आलेला नसतो. सगळा एकर त्या भावाने विकायला काढला तर गिऱ्हाईक मिळेलच असं नाही.

कंपनीचं 'व्हॅल्युएशन' म्हणजे हेच. एखाद्या गुंतवणूकदाराने १ कोटी देऊन २० टक्के हिस्सा घेतला की अख्खी कंपनी ५ कोटींची झाली असं म्हणायचं. बँकेत आले १ कोटी, उरलेले ४ कोटी हा गुणाकार. हा आकडा पुढच्या दहा वर्षांत काय होईल याच्या अंदाजावर ठरतो. गेल्या वर्षीच्या नफ्याशी त्याचा संबंध असेलच असं नाही, म्हणून तोट्यातली कंपनीही हजार कोटींची असू शकते.

आणि तो आकडा विरायला वेळ लागत नाही. 'बायजूज' या ऑनलाइन शिकवणीच्या कंपनीचं २०२२ मधलं मूल्यांकन २२ अब्ज डॉलर होतं. जुलै २०२४ मध्ये क्रिकेट नियामक मंडळाच्या सुमारे १५८ कोटी रुपयांच्या थकबाकीवरून त्याच कंपनीविरुद्ध दिवाळखोरीची कार्यवाही सुरू झाली. २२ अब्ज डॉलर म्हणजे पावणेदोन लाख कोटी रुपयांच्या आसपास. त्यापुढे १५८ कोटी म्हणजे चिल्लर. पण देणं चुकवायला खात्यात खरे पैसे लागतात, तिथे गुणाकार चालत नाही.

मेहुणे म्हणाले, "म्हणजे बागेत घड किती दिसतात ते मोजलं, व्यापाऱ्याने चेक दिलाच नाही." मी म्हटलं, झालं, अर्धा लेख तुम्हीच लिहिला.

स्टार्टअप आणि साधा धंदा, फरक काय?

नाशकात नवं मिसळीचं दुकान काढायचं तर कृती माहीत असते. काळा मसाला, पापड, दही, बसायला झाडाखाली टेबलं, रविवारी गर्दी. जागा आणि हात चांगला असला की चालतं. हा साधा धंदा, आणि 'साधा' हा शब्द मी आदराने वापरतो आहे. स्टार्टअपवाल्याकडे कृतीच नसते. लोकांना काय हवं, ते कुठल्या भावाला घेतील, कुठून घेतील हे तो शोधत असतो, आणि सापडलं तर झपाट्याने वाढण्याची त्याची इच्छा असते. केंद्र सरकारची 'स्टार्टअप इंडिया' योजना १६ जानेवारी २०१६ ला सुरू झाली. तिच्यात वय, उलाढाल, नावीन्य असे निकष आहेत, पण व्यवहारात स्टार्टअप म्हणजे कृतीच्या शोधात असलेला धंदा एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

परिपक्व उद्योग म्हणजे ज्याला कृती सापडली, ती कागदावर उतरली, आणि मालक चार दिवस गावाला गेला तरी पदार्थाची चव बदलत नाही. या दोन टोकांमधला प्रवास हा अवघड भाग. बातम्या बहुतेक पहिल्या टोकाच्या असतात.

द्राक्षाची बाग पहिल्या वर्षी घड देत नाही

हे मेहुण्यांना समजावण्याची गरज नव्हती, भाच्याला होती. बाग लावायची म्हणजे आधी डॉगरिजचा जंगली खुंट लावायचा. तो मुळं धरतो. पाऊस सरता सरता त्यावर हव्या त्या जातीचं कलम. मग एक खोड वर न्यायचं, त्याचे ओलांडे, म्हणजे आडव्या फांद्या, तयार करायचे, मंडपावर सांगाडा बसवायचा. तोवर घड नाहीत, खर्च मात्र रोजचा. यालाही कुणी तोटाच म्हणेल, पण हा तोटा जमिनीत आणि लाकडात दिसतो.

बाग लागती झाल्यावरसुद्धा आपल्याकडे वर्षातून दोन छाटण्या. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी. फळ ऑक्टोबरच्या छाटणीनंतर. मग एप्रिलमध्ये, भर उन्हात, एवढी मजुरी कशाला? कारण एप्रिलनंतर जी काडी वाढते तिच्या डोळ्यांमध्ये पुढच्या हंगामाचे घड सूक्ष्म रूपात तयार होतात. उघड्या डोळ्यांनी काही दिसत नाही. त्या दिवसांत ज्याने हयगय केली त्याला ऑक्टोबरनंतर कितीही खत घाला, वेलावर नुसती पानंच येतात.

धंद्यातली खरड छाटणी म्हणजे हिशेब लावणं, न परवडणारा माल बंद करणं, उधारीला शिस्त लावणं, माणसं शिकवणं. यातून त्या महिन्यात एक रुपयाही येत नाही. म्हणून ते पुढे ढकललं जातं. भाचा तीन वर्षं ऑक्टोबरचीच छाटणी करत होता. चौदा प्रकारची बिस्किटं, त्यातली खपणारी चार.

"मामा, प्रकार जास्त असले की दुकानात फळीवर जागा जास्त मिळते," तो म्हणाला.

मिळते. पण वेलावर घड किती ठेवायचे हे पानं किती आहेत त्यावरून ठरवावं लागतं. मोह आवरला नाही की गोडी उतरत नाही आणि पुढच्या वर्षी वेल दमतो. घड कात्रीने काढून खाली टाकताना मेहुण्यांनाही दरवर्षी वाईट वाटतं, तरी ते टाकतात.

एका पाकिटाचा हिशेब

इंग्रजी पुस्तकांत याला 'युनिट इकॉनॉमिक्स' म्हणतात. मी एका पाकिटाचा हिशेब म्हणतो. त्या दुपारी पेपरच्या कोऱ्या कडेवर मांडला तो असा. जीएसटी बाजूला ठेवू.

ऑनलाइन विकलेलं पाकीट २०० रुपयांचं. नागली, तूप, गूळ आणि भाजणं ६० रुपये. डबा आणि खोकं २०. कुरिअर ५५. अ‍ॅपवाल्याचं कमिशन ३०. उरले ३५. भाच्याच्या मते हा नफा. मी विचारलं, हे गिऱ्हाईक आलं कसं? मोबाइलवरच्या जाहिरातीतून. एक नवं गिऱ्हाईक मिळवायला जाहिरातीवर साधारण १५० रुपये जातात. म्हणजे पहिल्या पाकिटावर ११५ रुपये खिशातून गेले.

तेच घर पुन्हा मागवतं तेव्हा जाहिरात लागत नाही, दर वेळी ३५ सुटतात. चार पाकिटं झाली की १४० होतात, अजून दहा रुपयांनी खड्ड्यातच. पाचव्या पाकिटाला आपण वर येतो. आता प्रश्न एकच उरतो, शंभरातली किती घरं पाचव्यांदा मागवतात? भाच्याला माहीत नव्हतं. महिन्याला एकूण किती पाकिटं गेली हे त्याला तोंडपाठ होतं, तीच पाकिटं कितव्यांदा गेली हे कुणी मोजलंच नव्हतं.

इथे नेहमीची हरकत येते, मोठ्या प्रमाणावर केलं की परवडेल. अर्धी खरी आहे. गाळ्याचं भाडं, भट्टी, दोन पगार हे खर्च पाकिटं वाढली तरी तेवढेच राहतात, त्यामुळे वाढीने ते विभागले जातात. पण ज्या पाकिटावरच पैसे जातात त्याची हजार पाकिटं विकली तर हजारपट जातात. कुरिअरवाला तुमच्या स्वप्नांकडे बघून दर कमी करत नाही. घनदाट वस्तीत एकाच फेरीत वीस डबे पोचवले तर मात्र ५५ चे २० होऊ शकतात. म्हणजे सगळ्या देशात तुरळक विकण्यापेक्षा इंदिरानगर, पाथर्डी फाटा, कॉलेज रोड इथे दाट विकणं परवडतं. भाच्याच्या वेबसाइटवर गुवाहाटीच्या गिऱ्हाइकाचा फोटो अभिमानाने लावलेला आहे. त्या डब्याचं कुरिअर किती झालं हे मी विचारलं नाही. जेवण चालू होतं.

वहीत नफा आहे, मग बँकेत का नाही?

जिथे चांगले उद्योग सगळ्यात जास्त बुडताना मी पाहिले ती ही जागा, म्हणून इथे जरा थांबतो. आपल्याकडे यासाठी फार नेमका शब्द आहे, खेळतं भांडवल. जे पैसे यंत्रात किंवा जागेत अडकलेले नसतात, रोज येतात-जातात, ते. ते खेळायचे थांबले की धंदा नफ्यात असूनही थांबतो.

समजा महिन्याची विक्री १० लाख आणि खर्च ९ लाख. दहा टक्के नफा, उत्तम. नागलीवाला, तूपवाला आणि कामगार रोख घेतात. मॉलवाले मात्र तीन महिन्यांनी पैसे देतात. घडी बसलेली असेपर्यंत चालतं, दर महिन्याला तीन महिन्यांपूर्वीचे १० लाख येतात, ९ जातात.

आता आनंदाची बातमी येते. ऑर्डर दुप्पट झाली. पुढच्या महिन्यापासून विक्री २० लाख, खर्च १८ लाख. पेढे वाटले जातात. पण पुढचे तीन महिने हातात येणारे पैसे जुन्या बिलांचेच, १० लाख. जाणारे १८. दर महिन्याला ८ लाखांचा खड्डा, तीन महिन्यांत २४ लाख. चौथ्या महिन्यापासून २० येतात, १८ जातात, २ उरतात. म्हणजे तो २४ लाखांचा खड्डा भरायला आणखी एक वर्ष. मधल्या काळात विक्री पुन्हा वाढली तर नवा खड्डा.

यात जीएसटी धरलेला नाही. नेहमीच्या मासिक पद्धतीत बिल फाडलं की पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत त्यावरचा कर भरायचा असतो. मॉलवाल्याने पैसे दिले की नाही याच्याशी सरकारला कर्तव्य नसतं. म्हणजे जो पैसा अजून हाती आला नाही त्यावरचा कर आधी.

मेहुण्यांनी मान डोलावली. कारण त्यांच्याकडेही वर्षभर खर्च आणि पैसे फेब्रुवारी-मार्चला. फरक एवढाच की त्यांना हे आजोबांच्या काळापासून ठाऊक आहे, म्हणून पीककर्जाची, घरखर्चाची जुळणी आधी होते. भाच्याला वाटत होतं की विक्री वाढली म्हणजे पैसे वाढले.

पण ४५ दिवसांचा कायदा आहे ना?

आहे, आणि चांगला आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेणाऱ्याने ठरलेल्या मुदतीत पैसे द्यायचे, आणि ती मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. लेखी ठरलेलं नसेल तर १५ दिवस. उशीर केला तर रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. शिवाय २०२३ च्या अर्थसंकल्पाने आयकर कायद्यात एक मेख मारून ठेवली. मुदतीत पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजा करता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी करता येतो. तेव्हापासून मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मोठ्या कंपन्यांचे लेखा विभाग आपण होऊन फोन करायला लागले, हे मी स्वतः पाहिलं.

मग तक्रार का होत नाही? पाण्यात राहून माशाशी वैर कोण घेणार. फळी जाईल ही भीती असते, आणि ती खोटी नाही. पण तक्रारीच्या अलीकडे बऱ्याच गोष्टी करता येतात ज्या बहुतेक जण करत नाहीत. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, करून तो क्रमांक प्रत्येक बिलावर छापणं. ऑर्डर घेतानाच मुदत लेखी घेणं. माल पोचल्याची सही आणि तारीख जपून ठेवणं, कारण मुदत तिथून मोजली जाते. नुसत्या व्यापाऱ्याला या संरक्षणाचा उपयोग होत नाही, माल बनवणाऱ्याला आणि सेवा देणाऱ्याला होतो. भाचा बनवतो. त्याची उद्यम नोंदणी झालेली होती, प्रमाणपत्र फाइलीत होतं आणि बिलावर मात्र बिस्किटाचं चित्र.

दुसरा मार्ग 'ट्रेड्स'चा. रिझर्व्ह बँकेच्या परवान्याने चालणारी ही ऑनलाइन व्यवस्था. खरेदीदाराने तिथे बिल मान्य केलं की बँका ते बिल विकत घ्यायला बोली लावतात, तुम्हाला थोडी कापून रक्कम एक-दोन दिवसांत मिळते. पुढे खरेदीदाराने बँकेला पैसे बुडवले तर ते बँकेचं दुखणं, तुमचं नाही. २५० कोटींपेक्षा जास्त उलाढालीच्या कंपन्यांना तिथे नोंदणी सक्तीची केली आहे. अडचण एकच, खरेदीदाराने बिलावर मान्यतेचं बटण दाबावं लागतं. ते दाबायला लावणं हेही एक काम आहे, आणि ते काम मालकाने स्वतः करावं, नवख्या पोराला पाठवू नये.

मग बाहेरचे पैसे घ्यायचे की नाही?

द्राक्षाला जीए, म्हणजे जिबरेलिक आम्ल हे वाढीचं संजीवक, देतात. घड द्रावणात बुडवतात, मणी टपोरे होतात, बाजारात भाव मिळतो. जीए वाईट नाही. पण मुळात घड नसेल तर बुडवणार काय? आणि प्रमाणाबाहेर गेलं तर साल जाड होते, मणी गळतात, गोडी येत नाही. गुंतवणूकदाराचा पैसा याच जातीचा.

त्यातला फरक आधी समजून घ्यावा. कर्ज परत करायचं असतं, व्याजासकट, धंदा चालो न चालो. हिस्सा विकून आलेला पैसा परत करायचा नसतो, पण तो देणारा सोबत बसतो, आणि त्याला पाच-सात वर्षांत कितीतरी पटीने वाढलेली रक्कम घेऊन बाहेर पडायचं असतं. त्यात त्याची चूक नाही. ज्या धंद्याला त्या वेगाने वाढणं मानवत नाही त्याने तो पैसा घेणं ही चूक. एका पाकिटावर पैसे जात असताना आलेला एक कोटी जाहिरातीत जातो, पाकिटं वाढतात, खड्डा वाढतो. वर दिलेला २४ लाखांचा खड्डा भरायला हिस्सा विकणं तर महागातलं महाग. त्याला बँकेचं कॅश क्रेडिट हवं, म्हणजे लागेल तसं उचलायचं आणि पैसे आले की भरायचं कर्ज. तारण नसेल तर सूक्ष्म-लघु उद्योगांसाठीची पतहमी योजना आहे, तिची मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून १० कोटींपर्यंत वाढवली आहे. बँक मॅनेजर तरीही वह्या मागतोच, आणि ते बरं आहे.

हातातले पैसे किती महिने पुरतील हेही सतत माहीत हवं. बँकेत १८ लाख आणि दरमहा ३ लाख कमी होत असतील तर सहा महिने. याला 'रनवे' म्हणतात, ओझरच्या धावपट्टीसारखा. विमान शेवटच्या शंभर फुटांत उचलायचं ठरवलं तर व्हायचं ते होतं. पैसे उभे करायला महिने जातात, आणि घाईतल्या माणसाला भाव मिळत नाही हे लिलावात कांदा नेणाऱ्या कुणालाही विचारा.

नाशकातलीच दोन उदाहरणं पाहा. 'सुला'चे राजीव सामंत कॅलिफोर्नियातली नोकरी सोडून परतले, गंगापूर धरणाजवळच्या घरच्या जमिनीवर वाइनची द्राक्षं लावली, २००० साली पहिली बाटली बाजारात आली. कंपनी शेअर बाजारात आली डिसेंबर २०२२ मध्ये. त्या विक्रीत कंपनीला नवा पैसा मिळालाच नाही, जुन्या हिस्सेदारांनी आपले हिस्से विकले. म्हणजे त्या हिस्सेदारांनी बरीच वाट पाहिली होती. दुसरं, दिंडोरी तालुक्यातल्या मोहाडीची 'सह्याद्री', विलास शिंदे यांच्या नेतृत्वाखालची शेतकऱ्यांची कंपनी. २०२२ मध्ये युरोपातल्या गुंतवणूकदारांनी तिच्यात ३१० कोटी रुपये घातले. पण तोवर तिच्याकडे निर्यातीची घडी आणि प्रक्रियेची यंत्रणा उभी होती. पैसा घडाच्या मागून आला.

सिंहस्थाची ऑर्डर

जेवण संपत आलं तेव्हा भाच्याने खरी गोष्ट काढली. सिंहस्थासाठी पाकिटं पुरवण्याची चौकशी आली आहे. आकडा ऐकून बहिणीने वाढता वाढता हात थांबवला.

सध्या नाशकात कुठल्याही गाळ्यात जा, सिंहस्थाचं बोलणं असतं. ऑर्डर नाकारा असं मी म्हणणार नाही. मी तीन गोष्टी विचारल्या. तीन पर्वण्यांसाठी घेतलेली दुसरी भट्टी चौथ्या महिन्यात काय करणार? आगाऊ रक्कम किती? आणि त्या धावपळीत इंदिरानगरच्या नेहमीच्या घरांचा डबा दोन दिवस उशिरा गेला तर? सिंहस्थ बारा वर्षांनी येतो, तो डबा दर महिन्याला जातो. भट्टी विकत घेण्याऐवजी दुसऱ्या बेकरीकडून जॉबवर्कवर काम करून घेता येईल, नफा कमी, ओझंही कमी.

एक चांगलं उदाहरणही आहे. २०१५ च्या सिंहस्थाआधी मूळचे नाशिकचे, अमेरिकेतल्या एमआयटीतले रमेश रासकर यांच्या पुढाकाराने 'कुंभथॉन' झाला. तरुणांनी गर्दी, आरोग्य, वाहतूक यांवर उपाय शोधले. चालणाऱ्यांची पावलं मोजून गर्दीचा अंदाज देणारी 'अशिओतो' ही चटई त्यातलीच. त्याच ओघात टीसीएसचं 'डिजिटल इम्पॅक्ट स्क्वेअर' हे नव्या कल्पनांना आधार देणारं केंद्र नाशकात उभं राहिलं. इथे सिंहस्थ हे गिऱ्हाईक नव्हतं, परीक्षागृह होतं. लाखोंच्या गर्दीत वस्तू टिकते का हे फुकट कळलं. भाच्यालाही हेच सांगितलं, नवं लहान पाकीट तिथे चालतं का ते बघ, पण त्या तीन महिन्यांच्या आकड्यावर वर्षाचं गणित बांधू नकोस.

एकाच मोठ्या गिऱ्हाइकाचा धोका सातपूर-अंबडला वेगळा सांगायला नको. २०१९ ला वाहन उद्योग मंदावला तेव्हा ज्यांचं सगळं काम एकाच कंपनीचं होतं त्यांचे गाळे आठवड्यातले दोन-तीन दिवस बंद असायचे. ज्यांनी शेतीच्या अवजारांचं, विजेच्या पॅनेलचं थोडं काम धरून ठेवलं होतं ते तगले.

सगळं डोक्यात आहे

माझ्या ओळखीच्या एका गाळ्याच्या मालकाला डेंग्यू झाला. एकवीस दिवस. कामगार रोज आले, यंत्रं चालू होती, पण नवं कोटेशन एकही गेलं नाही, कारण दर त्यांच्या डोक्यात होते आणि बँकेचा ओटीपी त्यांच्या फोनवर. बरे होऊन आले तेव्हा दोन जुन्या पार्ट्या दुसरीकडे गेल्या होत्या. ते आजही म्हणतात, "माझ्यावाचून इथलं पान हलत नाही." अभिमानाने म्हणतात.

"पद्धती लिहून काढल्या की आपण सरकारी कचेरी होऊ," ही भाच्याच्या मैत्रिणीची हरकत, तो सांगत होता. मला ती पटत नाही, आणि उत्तर मेहुण्यांनीच दिलं. २०१० साली युरोपात नाशिकच्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट या फवारणीच्या रसायनाचे अंश सापडले आणि माल अडकला. तेव्हा निर्यातदारांचं काय झालं ते इथल्या प्रत्येक घराने पाहिलंय. आज त्यांची निर्यातीची बाग नोंदवलेली आहे, कुठली फवारणी कुठल्या तारखेला झाली ते वहीत आहे. "मी अडाणी ती वही ठेवतो," म्हणाले, "आणि तुम्ही इंजिनियर." भाजायचं तापमान, पिठाचं प्रमाण, बिल कोण करतं, उधारीचा फोन कोण आणि कितव्या दिवशी करतं, एवढं चार पानांत मावतं.

माणसं वाढली की कायदाही मागोमाग येतो. दहा जण झाले की लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती आणि कामगार विमा, वीस झाले की भविष्यनिर्वाह निधी. कित्येक जण एकोणीसवरच थांबतात, विसावा माणूस भावाच्या नावावरच्या फर्ममध्ये. अशा कसरतींवर उभा धंदा पुढे बँकेला किंवा गुंतवणूकदाराला दाखवायची वेळ आली की सगळं उघडं पडतं.

पण मोठं व्हायलाच हवं का?

बहिणीने विचारलं हे. मुळीच नाही. येवल्यात दोन मागांवर उत्तम पैठणी विणणारं घर स्टार्टअप नाही, तरी कित्येक स्टार्टअपांपेक्षा जास्त टिकाऊ आहे. भाच्याने नाशिक आणि मुंबई-पुण्यातली दोन हजार घरं धरली, चार प्रकारची बिस्किटं ठेवली, आणि वडिलांकडे न येता पगार केले, तर तो परिपक्व उद्योगच. बातमी येणार नाही, एवढंच. फक्त दुसऱ्याचा पैसा घेण्याआधी हे स्वतःशी ठरवलेलं असावं. वेगाने वाढायचं वचन देऊन पैसे घ्यायचे आणि मग सावकाश चालायचं, यात दोघांचंही नुकसान होतं.

निघताना भाच्याला म्हटलं, पुढच्या रविवारी तीन कागद आण. कुठल्या घराने कितव्यांदा मागवलं, कुणाकडे किती दिवसांची उधारी आहे, आणि आजपासून सहा महिने दर महिन्याला किती येणार, किती जाणार.

तो एकच घेऊन आला, उधारीचा. पहिलं नाव एका मोठ्या दुकानाचं, एकशे बारा दिवस, चार लाख सत्तर हजार. "मामा, हे मला वाटत होतं साठ दिवसांचं आहे," तो म्हणाला. मेहुण्यांनी चष्मा लावून तो कागद दोनदा वाचला आणि गेल्या महिन्यात पगारासाठी त्यांनी किती दिले होते ते बहिणीला विचारलं. दीड लाख, ती आतून म्हणाली. भाचा फोन घेऊन ओट्यावर गेला. रविवार होता, पलीकडे कुणी उचलला नाही. त्याने सोमवार सकाळचा गजर लावला.